धुऱ्यावरचा मोह

चंद्रपूर शहरात फ्लॅटचे मूल्यांकन करताना 'आकडा जरा वाढवा' म्हणतात. गडचिरोलीच्या गावात भूसंपादनासाठी गेलो की 'जास्त ताणू नका' म्हणतात. कर्ज काढणाऱ्याला घर महाग हवे असते, जमीन घेणाऱ्याला शेत स्वस्त. म्हणून फी मी आधीच ठरवतो आणि आकड्याशी तिचा संबंध ठेवत नाही. कंपनी कायद्याखालच्या २०१७ च्या मूल्यांकक नियमांतली आचारसंहिताही सोयीचे मूल्यांकन आणि काम फत्ते झाल्यावरची फी, दोन्ही नाकारते.

हा भाग सोपा. अवघड पुढेच आहे.

२०१३ च्या भूसंपादन कायद्यात बाजारभाव काढताना आसपासची मागच्या तीन वर्षांची विक्रीखते बघतात, त्यांतली चढ्या भावाची निम्मी घेऊन सरासरी काढतात. पण एटापल्ली-भामरागडकडे विक्रीखते आणायची कुठून? महसूल संहितेच्या कलम ३६-अ मुळे आदिवासीची जमीन जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय बिगर-आदिवासीला विकता येत नाही. हे संरक्षण हवेच, त्यानेच जमिनी टिकल्या. मात्र व्यवहार नाहीत म्हणून भाव नाही आणि भाव नाही म्हणून जमीन कवडीमोल, हा हिशोब कागदावर फार सहज बसतो. शिवाय मूळ रकमेइतकीच दिलासा रक्कम वर मिळते, त्यामुळे मुळात कमी धरलेला एक रुपया शेतकऱ्याचे निदान दोन रुपये घालवतो.

म्हणून बांधी न् बांधी फिरायची. बोडीत पाणी किती दिवस टिकते ते विचारायचे, कारण धानाचे शेवटचे पाणी तिथूनच येते आणि सातबाऱ्यावर ते दिसत नाही. एका धुऱ्यावर मोहाचे जुने झाड होते. बुडाची जागा झाडून, पाला जाळून लख्ख केलेली. फुले पडायचे दिवस जवळ आले होते. मी छातीच्या उंचीवर टेप गुंडाळून घेर मोजू लागलो, तेव्हा त्या घरची आजी म्हणाली, "लाकूड कायले मोजता जी? आमी तोडतच नाही ना." तिचेच बरोबर होते. लाकूड म्हणून मोहाला सरपणाचा भाव येतो. मी दर हंगामातली वाळलेली फुले, बियांचे तेल, वेचणीची मजुरी विचारून लिहून घेतली आणि त्या उत्पन्नावरून झाडाची किंमत मांडली. कलम २९ प्रमाणे झाडांसाठी वनशास्त्राच्या जाणकाराची मदत घेता येते. ती घ्यावीच, असे माझे मत आहे.

उलट बाजूही सांगतो. अधिसूचनेनंतर रातोरात लावलेली सागाची रोपे मी वाढलेल्या झाडांत धरत नाही, मालक कितीही गरीब असो. तिथे हात सैल सोडला, तर शेजारच्या मोहाचा खरा आकडाही कोणी खरा मानणार नाही.

न मिळालेल्या दाखल्यांची नोंदही मी अहवालात करतो: कोणत्या दुय्यम निबंधक कार्यालयात, कोणत्या गावांची, कोणत्या वर्षांची विक्रीखते शोधली आणि का सापडली नाहीत. उद्या मोबदला अमान्य करून शेतकरी कलम ६४ खाली प्राधिकरणाकडे गेला, तर त्याच्या वकिलाला सुरुवात करायला ते पान हाताशी असते.