मातीतल्या चमच्याचे वय

जुन्या चमच्याचे वय ठरवताना आधी वाटी पाहावी, मग दांडी, मग दांडीच्या टोकाचे बोंड आणि शेवटी त्यावरचे ठसे. पुष्कळ जण नेमके उलट्या बाजूने सुरू करतात: भिंग घेऊन ठसा शोधतात आणि तो सापडला की बाकीचा चमचा पाहायचाच राहतो. ठसा खोटा असू शकतो, झिजलेला असू शकतो, दुसऱ्या चमच्यावरून कापून आणलेलाही असू शकतो. बोंड गळून पडते, नवे बसवताही येते. वाटीचा घाट मात्र चमचा घडवतानाच ठरतो, आणि तो बदलायचा तर धातू पुन्हा ठोकावा लागतो. म्हणून वाटीची साक्ष आधी घ्यायची.

हा अभ्यास इंग्लंडमध्ये सर्वांत बारकाईने झाला आहे. तिथे नांगरलेली शेते, बुजलेल्या विहिरी, वाड्यांभोवतीचे खंदक आणि ओहोटीला उघडा पडणारा टेम्स नदीचा काठ यांतून चमचे सतत निघत असतात. अखंड चमचा क्वचितच मिळतो. बहुतेक वेळा हाती येते ते सुटे बोंड, दुमडलेली दांडी किंवा काठ कुरतडल्यासारखी झालेली वाटी. सुटे बोंड पेटीची मूठ किंवा लाकडी सामानावरचा कळस म्हणून नोंदले गेल्याची उदाहरणे आहेत. अशा वेळी बोंडाखालच्या मोडीकडे लक्ष द्यावे. तिथे सहा पैलूंच्या बारीक दांडीची खूण दिसली, तर तो चमचाच. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. त्या काळातली बहुसंख्य माणसे लाकडाच्या किंवा शिंगाच्या चमच्याने जेवत, आणि ते चमचे मातीत कुजून गेले. हाती लागतो तो धातूचा चमचा थोड्या घरांचीच कहाणी सांगतो.

रोमन काळाचा चमचा पहिल्या नजरेत ओळखू येतो, कारण त्याची दांडी टोकाकडे सुईसारखी निमुळती होत जाते. लहान चमच्याला लॅटिनमध्ये ‘कोक्लेआर’ म्हणत. हा शब्द गोगलगायीच्या नावावरून आला आहे. कवी मार्शल याने असा चमचा गोगलगायी खायला आणि अंडी खायलाही चालतो असे नोंदवले आहे. सुरुवातीच्या चमच्यांची वाटी गोल असते आणि दांडी जवळजवळ वाटीच्या काठाच्या पातळीत राहते. दुसऱ्या शतकापासून वाटी लांबट होते, काहींत मॅन्डोलिन या वाद्यासारखा घाट येतो, आणि दांडी वाटीला मिळण्याआधी एक पायरी खाली उतरते. चौथ्या शतकातल्या चांदीच्या चमच्यांत या पायरीच्या जागी नक्षीदार वळसा किंवा आरपार कोरलेला तुकडा असतो. सफोकमधील हॉक्सन येथे १९९२ साली सापडलेल्या ठेव्यात असे कितीतरी चमचे होते. सोबतच्या नाण्यांवरून तो ठेवा इ. स. ४०७ नंतर पुरलेला आहे हे निश्चित झाले. त्यामुळे त्या घाटाचे चमचे दुसरीकडे एकेकटे सापडले, तरी त्यांना ताडून पाहायला एक पक्का आधार मिळाला. कालनिश्चितीचे सगळे काम अशा ठेव्यांवर उभे आहे. घाटांची साखळी कितीही सुबक जुळली, तरी तिला मधूनमधून नाण्याची किंवा सनाची खुंटी लागतेच.

चौदाव्या शतकापासून सतराव्या शतकाच्या मध्यापर्यंत इंग्रजी चमच्याची वाटी अंजिरासारखी असते: दांडीपाशी अरुंद, पुढच्या टोकाकडे रुंद. आजच्या चमच्याचा घाट याच्या उलट आहे. त्यामुळे असा चमचा हातात घेतला की तो उलटा धरल्यासारखा वाटतो. जो घाट सुमारे तीनशे वर्षे टिकला, त्यावरून शतकाच्या पलीकडे काही ठरत नाही. तरीही वाटीचा रुंद भाग किती टोकाशी सरकला आहे, तिचा खोलगटपणा किती आहे आणि दांडी किती बारीक आहे, यावरून जाणकार अंदाज बांधतो. जुन्या दांड्या बारीक आणि चार किंवा सहा पैलूंच्या असतात. पुढे त्या जाड आणि चपट्या होत जातात.

याच काळात बोंडांची रेलचेल आहे. ओकच्या फळाचे बोंड आणि हिऱ्यासारखे टोकदार बोंड हे जुन्यांपैकी. नंतर कुमारिकेचे मस्तक, रानटी माणूस, सिंह, आणि ख्रिस्ताच्या बारा शिष्यांच्या मूर्ती येतात. प्रत्येक शिष्याच्या हाती त्याची खूण असते. पीटरच्या हातात किल्ली असते, तर अँड्र्यूजवळ तिरपा क्रूस. किल्ली मोडली असेल तर मूर्ती कोणाची हे सांगण्याचा आग्रह धरू नये. सोळाव्या शतकात आणि सतराव्याच्या पूर्वार्धात सर्वांत जास्त दिसते ते शिक्क्यासारखे बोंड: नळीसारख्या आधारावर चपटी गोल चकती. त्या चकतीवर मालकाची किंवा बारशाच्या बाळाची आद्याक्षरे आणि कधी सनही कोरलेला असतो. सन सापडला म्हणजे काम संपले असे मात्र नाही. तो चमचा भेट दिल्याचा सन असू शकतो, आणि चमचा त्याच्याही वीस वर्षे आधी घडलेला असू शकतो.

बोंड वेगळे ओतून दांडीला डाक लावून जोडत. हा सांधा पाहण्यासारखा असतो. लंडनचे सोनार दांडीच्या टोकाला इंग्रजी ‘व्ही’सारखी खाच करून त्यात बोंड बसवत. लंडनबाहेरच्या गावांतले कारागीर दोन्ही टोके तिरपी कापून एकावर एक ठेवत. झिजलेल्या चांदीच्या चमच्यावर एकही ठसा वाचता येत नसेल, तरी या सांध्यावरून तो राजधानीचा की बाहेरगावचा याचा कयास करता येतो. बोंडच नसलेला आणि दांडी तिरकी छाटलेला चमचा पाहून तो मोडका आहे असे समजण्याची घाई करू नये. तो स्वतंत्र प्रकार होता आणि सोळाव्या-सतराव्या शतकात चांगलाच चालला. छाटलेल्या कडेवर हत्याराची स्वच्छ रेघ आणि वापराची गुळगुळीत झीज असते. मोडलेल्या कडेवर धातूचा दाणा उघडा पडलेला दिसतो.

१६४० नंतर चमचा फार झपाट्याने बदलतो, आणि अभ्यासकाच्या दृष्टीने हा काळ सर्वांत समृद्ध आहे. पुढच्या सव्वाशे वर्षांत वय दशकांत सांगता येते. आधी सगळा अलंकार जातो. दांडी चपटी, रुंद आणि साधी होते, वाटी अंड्याच्या आकाराची होते. या चमच्याला प्युरिटन पंथाचे नाव पडले आहे. १६६० च्या आसपास दांडीचे टोक पसरट करून त्यात दोन खाचा देण्याची फ्रेंच धाटणी आली. टोकाला तीन पाकळ्या दिसतात. याच चमच्यांच्या वाटीखाली दांडीपासून निघून बारीक होत जाणारी शीर येते. इंग्रजीत तिला उंदराची शेपटी म्हणतात. रुंद, चपट्या दांडीचा वाटीशी जोड मजबूत करणे हे तिचे काम, आणि कारागिरांनी त्या कामाचीच नक्षी केली. शतक सरताना खाचा जातात आणि टोकाला नुसती लाट उरते. १७१० च्या सुमारास हॅनोव्हेरियन म्हटला जाणारा चमचा येतो: टोक गोल, वर वळलेले, पुढच्या बाजूने मधोमध उंचवटा. त्याच्या पाठीवरची शीर १७३० नंतर आखडत जाऊन थेंबासारखी राहते. १७६० पासून टोक उलट दिशेने, म्हणजे खाली वळू लागते.

वळण उलटण्याचा संबंध जेवणाच्या टेबलाशी आहे. आधी चमचे पालथे मांडत, त्यामुळे पाठ दिसायची. म्हणून घराण्याचे चिन्ह पाठीवर कोरलेले असे. नंतर चमचे उताणे मांडू लागले आणि चिन्ह पुढे आले. खाली वळलेल्या टोकाच्या चमच्यावर पाठीमागे घराण्याचे चिन्ह दिसले, तर कुठेतरी काहीतरी बदलले आहे असे समजून पुन्हा पाहावे.

धातूकडे आता वळू. चांदी सोडली तर जमिनीतून निघणारे बहुतेक चमचे दोन धातूंचे असतात. पहिला लॅटन, म्हणजे तांबे-जस्ताचे, पितळेच्या जातीचे मिश्रण. दुसरा प्यूटर, म्हणजे मुख्यतः कथील, त्यात थोडे तांबे किंवा शिसे. प्यूटरचा चमचा दोन भागांच्या साच्यात ओतत. तो मऊ असतो, मातीत करडा पडतो, त्यावर फोड येतात, दांडी वाकते. लॅटनचे चमचे टिकाऊ, पण उघड्या पितळी वाटीत आंबट पदार्थ कळकतो. म्हणून त्यांना कथलाचा हात देत. महाराष्ट्रातल्या घरांत पितळेच्या भांड्यांना कल्हई ज्या कारणाने लागते तेच हे कारण. त्यामुळे लॅटनच्या चमच्याच्या वाटीत, दांडीच्या सांदीत कुठे पांढुरका थर उरला आहे का ते पाहावे. सतराव्या शतकातले कारागीर आपला ठसा वाटीच्या आतल्या बाजूला, दांडीजवळ उठवत. गोलात तीन चमचे आणि दोन आद्याक्षरे ही खूण पुष्कळदा भेटते. काही ठशांत ‘दोनदा पांढरे केलेले’ अशा अर्थाचे इंग्रजी शब्दच असतात. ती कल्हईची जाहिरात होती. टेम्सच्या चिखलात हवा पोहोचत नाही, म्हणून तिथला लॅटनचा चमचा कधी कधी कालच घडवल्यासारखा सोनेरी निघतो. तेच शेतातले चमचे हिरवे आणि खडबडीत होतात. रंगावरून वय सांगणे हे या कामातले सर्वांत फसवे आहे.

पितळेतल्या जस्ताचे प्रमाण मात्र उपयोगी पडते. जुन्या पद्धतीत तांब्याचे तुकडे जस्ताच्या खनिजात आणि कोळशात घालून तापवत. या रीतीने तीस टक्क्यांच्या आसपासच जस्त तांब्यात मुरते. धातूरूप जस्त वेगळे काढण्याची रीत ब्रिस्टलच्या विल्यम चँपियनने १७३८ साली पेटंट केली. राजस्थानातल्या जावरच्या भट्ट्यांत हे काम त्याच्या कितीतरी आधीपासून चालत होते. तेव्हा जुन्या वाटणाऱ्या इंग्रजी चमच्यात चाळीस टक्के जस्त निघाले, तर त्याचे वय शंकास्पद ठरते. मात्र क्ष-किरणांच्या हातातल्या यंत्राने मोजले जाते ते पृष्ठभागाचे, आणि मातीत पृष्ठभाग बदललेला असतो. एकाच आकड्यावर विसंबू नये.

चांदीवरचे ठसे हा इंग्लंडमधल्या अभ्यासकाला लाभलेला मोठा आधार आहे. बिबट्याच्या मस्तकाचा ठसा १३०० पासून, कारागिराची खूण १३६३ पासून, वर्षाचे अक्षर १४७८ पासून आणि चालता सिंह १५४४ पासून. लंडनमध्ये वीस अक्षरांचे चक्र चाले, आणि प्रत्येक चक्रात अक्षराचे वळण व त्याभोवतीच्या ढालीचा आकार बदले. म्हणून अक्षरापेक्षा ढाल आधी वाचावी. अक्षर मे महिन्यात बदलत असे, तेव्हा एका अक्षराला दोन सन लागतात. १६९७ ते १७२० या काळात हजारात ९२५ ऐवजी सुमारे ९५८ भाग चांदीची सक्ती होती, आणि त्या चमच्यांवर सिंहाऐवजी बसलेल्या ब्रिटानियाची आकृती असते. १७८४ ते १८९० पर्यंत कर भरल्याची खूण म्हणून राजाचे किंवा राणीचे मस्तक येते. ठशाची जागाही बोलते. मध्ययुगीन लंडनी चमच्यात बिबट्याचे मस्तक वाटीत असते. पुढे ठसे दांडीच्या पाठीवर वाटीजवळ येतात, आणि १७८० नंतर टोकाकडे सरकतात. अठराव्या शतकातल्या चहाच्या लहान चमच्यांवर बऱ्याचदा दोनच ठसे मिळतात. तेवढ्यावरून त्यांना खोटे ठरवू नये.

१८४० साली एल्किंग्टन यांनी विजेने मुलामा देण्याचे पेटंट घेतले, आणि त्यानंतरच्या चमच्यांवर चांदीच्या ठशांसारख्या दिसणाऱ्या चौकटी येऊ लागल्या. त्यांत बहुधा ‘ई पी एन एस’ ही अक्षरे असतात. आतला धातू जर्मन सिल्व्हर, म्हणजे तांबे, जस्त आणि निकेल; चांदी अजिबात नाही. मराठी घरांत ‘जर्मनची भांडी’ म्हणतात ती अॅल्युमिनियमची, तेव्हा हा शब्द वाचताना गल्लत होऊ देऊ नये.

बनावट आणि बदललेले चमचे फक्त दुकानांत असतात असे नाही; जमिनीतही टाकलेले सापडतात. एकोणिसाव्या शतकात शिष्यांच्या मूर्तींचे चमचे आठवण म्हणून ढिगांनी झाले. त्याच शतकात जुन्या साध्या चमच्यांच्या वाटीत फळांची उठावदार नक्षी ठोकण्याची टूम निघाली. अशा चमच्याचा ठसा खरा, सनही खरा, पण नक्षी शंभर वर्षांनंतरची. त्याच्या दोन तारखा लिहायच्या.

एवढे पाहून झाल्यावर झीज तपासावी. उजव्या हाताने भांडे खरवडणाऱ्याच्या चमच्याचे टोक डाव्या बाजूने झिजते. एखादी वाटी अशी अर्धा सेंटिमीटर तिरकी झालेली असते. म्हणजे तो चमचा दोन पिढ्यांनी वापरला असेल, आणि घडवल्याच्या व मातीत गेल्याच्या सनांत मोठे अंतर असेल. खंदकातल्या थराचे वय चमच्यावरून ठरवताना हे अंतर सोडून देणे ही वारंवार होणारी चूक आहे.

इंग्लंड आणि वेल्समध्ये किमान तीनशे वर्षे जुना आणि किमान दहा टक्के चांदी किंवा सोने असलेला चमचा सापडला, तर १९९६ च्या कायद्याप्रमाणे चौदा दिवसांत कळवावा लागतो. इतर धातूंच्या चमच्यांची नोंद १९९७ पासून चालू असलेल्या सरकारी योजनेत स्वेच्छेने करता येते. ती अवश्य करावी. आणि तोवर चमचा घासू नये, वाकलेली दांडी सरळ करू नये, चिंच किंवा पॉलिश लावू नये. कल्हईचा शेवटचा पापुद्रा आणि ठशाची शेवटची कड घासण्यातच जाते. जागा, खोली आणि सोबत निघालेली खापरे त्याच दिवशी लिहून ठेवावीत.