रिसिंथेसायझर, तुझा मेन्यू कुठे गेला?

प्रिय रिसिंथेसायझर,

जिंप हा चित्रसंपादक उघडून 'फिल्टर्स'मधल्या 'एन्हान्स'वर गेलं की तुझं 'हील सिलेक्शन' दिसायला हवं. नव्याने बसवलेल्या जिंपमध्ये ते नसतं. तू प्लगइन, जिंपसोबत येत नाहीस. तुला वेगळं आणावं लागतं, आणि पुष्कळदा तर सोर्समधून बांधावंच, म्हणजे कंपाइल करावंच लागतं. हे पत्र त्या बांधकामाबद्दल आहे. तक्रार आहे, पण तिच्यातली किती तुझी आणि किती तुझ्या गणगोताची, हे एकदा मांडावं म्हणतो.

आधी तुझं देणं. फोटोतली विजेची तार, जुन्या फोटोवरची घडी किंवा कोपऱ्यात घुसलेला कुणाचा तरी खांदा लॅसोने घेरायचा आणि तुझ्या हवाली करायचा. तू तिथे नुसता रंग फासत नाहीस. एकेक रिकामा पिक्सेल वाटेल त्या क्रमाने घेतोस, त्याच्या आसपास जे ठाऊक आहे ते पाहतोस, आणि तसाच शेजार चित्रात आणखी कुठे आहे ते शोधून तिथला पिक्सेल उचलतोस. लगतच्या पिक्सेलला ज्या जागेवरून नक्कल मिळाली, तिच्या शेजारीही डोकावतोस; म्हणून विटांची ओळ मध्येच तुटत नाही. मग पुन्हा फेऱ्या मारून सुरुवातीला घाईत भरलेलं दुरुस्त करतोस. पॉल हॅरिसन यांनी मेलबर्नच्या मोनॅश विद्यापीठात २००५ साली सादर केलेल्या पीएचडी प्रबंधात तुझी रीत मांडली आहे. फोटोशॉपच्या सीएस५मध्ये 'कंटेंट-अवेअर फिल' आलं ते २०१० साली, आणि केवढी वाहवा झाली त्याची! जिंपवाले तेव्हा गालातल्या गालात हसले असतील, तर हक्काने हसले.

आता बांधकाम. सांगणारा सांगतो, कॉन्फिगर, मेक, मेक इन्स्टॉल, झालं! कॉन्फिगर सुरुवातीलाच विचारतं, जिंप कुठे आहे? अरे, समोर उघडं दिसतंय की! पण त्याला चालतं जिंप नकोच असतं. त्याला हव्या असतात हेडर फाइली, म्हणजे जिंपच्या लायब्ररीत कोणती फंक्शनं आहेत आणि ती काय घेतात, काय देतात याची यादी. चित्रं सुधारणाऱ्याला त्यांचा उपयोग नाही, म्हणून उबुंटू आणि डेबियन त्या 'डेव्ह' शेपटीच्या वेगळ्या पॅकेजात ठेवतात. फेडोराकडे ती शेपटी 'डेव्हेल' असते. हे एक पॅकेज मागवलं की जीटीके, जेगल, बाबल अशा लायब्ऱ्यांची सगळी वरात मागोमाग येते. (जीटीके मुळात जिंपचंच अपत्य. बर्कलेत स्पेन्सर किंबल आणि पीटर मॅटिस यांनी मोटिफ टूलकिटला कंटाळून ते आपल्या जिंपसाठी घडवलं, आणि आज अख्खा ग्नोम डेस्कटॉप त्यावर उभा आहे.) ज्याने असं बांधकाम कधी केलेलं नाही त्याला 'फाइल सापडली नाही' एवढंच दिसतं आणि आपलं जिंपच बिघडलंय असं वाटतं. फ्लॅटपॅकचं जिंप असेल तर विचारूच नकोस. ते आपल्या लायब्ऱ्या घेऊन वेगळ्या चुलीवर राहतं. बाहेर बांधलेला तू तिथे चालशीलच असं नाही.

एक मात्र जिंपने फार शहाणपणाने केलं आहे. त्याच्या लेखी प्लगइन म्हणजे स्वतंत्र प्रोग्रॅम. सुरू होताना तू नवा दिसलास की जिंप तुला विचारतं, तू कोण, काय करतोस, कुठल्या मेन्यूत बसणार. नंतर काम पडेल तेव्हा वेगळी प्रोसेस म्हणून तुला उठवतं. त्यामुळे तुझ्यासाठी अख्खं जिंप कंपाइल करावं लागत नाही, आणि तू कोसळलास तरी उघडं चित्र सहसा वाचतं.

माझं खरं दुखणं पुढे आहे. तुझं शोधाचं इंजिन सी भाषेत लिहिलेलं. पण लोक ज्याला तू म्हणून ओळखतात, ते 'हील सिलेक्शन' आणि त्याची भावंडं पायथनच्या स्क्रिप्ट होत्या, त्याही पायथन २ च्या. १ जानेवारी २०२० ला पायथन २ चा आधार संपला आणि उबुंटू २०.०४ मधून जिंपचं पायथन पॅकेज गेलं. इंजिनात काही खोट नव्हती, फक्त त्याच्यापर्यंत नेणारी दारं बंद झाली. माणसं मात्र कंपायलरला बोल लावत बसली. पुढे १६ मार्च २०२५ ला जिंप ३.० आलं आणि सीच्या बाजूनेही घाव बसला. चित्राचे पिक्सेल मागण्याची जुनी पिक्सेल-रीजनची रीत काढून टाकली होती, तिथे जेगलचे बफर आले. वरून प्रत्येक प्लगइन आपल्याच नावाच्या फोल्डरात असलं पाहिजे हा दंडक. मोकळी टाकलेली फाइल जिंप बघत नाही.

या सगळ्यात पिक्सेल शोधण्याच्या तुझ्या युक्तीचा काही संबंधच नाही. लॉइड कॉनेकर यांनी तुझी देखभाल हाती घेतल्यावर हे इंजिन जिंपपासून सुटं केलं, ते मला त्यांचं सगळ्यात दूरदर्शी काम वाटतं. दारं बदलत राहतात, ती कुणीतरी बसून पुन्हा लिहायची असतात, आणि त्या कामाला वाहवा नसते. म्हणूनच 'सोर्स आहे ना, मग कर कंपाइल' असं कुणी ऐटीत म्हणालं की माझं डोकं फिरतं. सोर्स खुला असणं हा हक्क आहे, आणि तो मोठाच आहे. पण हेडर आणि आवृत्त्यांच्या चक्रात अडकलेल्याला हक्काचं नाव सांगून वाटेला लावणं म्हणजे मदत नव्हे. उबुंटू-फेडोरासारख्या डिस्ट्रोवाल्यांनी तुला बांधून, त्या त्या जिंपशी जुळवून द्यावं, हेच सरळ.

तुझ्याकडे मागणं एकच. मेन्यूच्या स्क्रिप्ट स्कीम भाषेत ठेव. त्या चालवणाऱ्या स्क्रिप्ट-फूसाठी लागणारं टायनीस्कीम जिंप आपल्या पोटातच बाळगतं. ते कुण्या डिस्ट्रोने वेगळं पॅकेज म्हणून काढून घेण्यातलं नाही.

कळावे, लोभ आहेच.

तुझा एक वापरकर्ता