अर्जातली एक ओळ

आमच्याकडे 'बायोडाटा' म्हटले की माणसांना प्रथम लग्न आठवते. वर गणपती, खाली उंची, रास, नाडी आणि मामाचे कुळ. त्या कागदात कुणी तापट नसतो, कुणी आळशी नसतो. वाचणाऱ्यालाही ते ठाऊक असते, आणि तो हसून पुढे जातो. डॉक्टरी नोकरीसाठी लिहायच्या बायोडाट्याचे मात्र तसे नाही. ते मला कळले, ते माझ्या एका विद्यार्थिनीमुळे.

मी एक मॅट्रिक झालेला मास्तर. मुलांना शुद्धलेखन घालतो आणि सुटीत कादंबऱ्या लिहितो. ही मुलगी माझ्या हाताखालून गेली, पुढे एम.बी.बी.एस. झाली आणि आता विलायतेतल्या इस्पितळात नोकरीसाठी अर्ज करीत होती. "सर, इंग्रजीचं माझं मी बघते," ती म्हणाली. "काय ठेवायचं आणि काय गाळायचं, तेवढं सांगा. तुम्ही गोष्टी लिहिता ना!" म्हणून एका रविवारी मी तिच्या घरी जाऊन बसलो. शेजारीच खाटेवर तिचे वडील उशीला टेकून बसले होते.

त्या कागदाला तिकडे 'करिक्युलम व्हिटे' म्हणतात. शब्द लॅटिन, अर्थ, आयुष्याची वाटचाल. पण ही वाटचाल उलटी सांगायची. सर्वांत अलीकडचे काम आधी, आणि शाळा असलीच तर अगदी तळाशी. साडेचार वर्षांचे शिक्षण, वर्षभराची इंटर्नशिप, कौन्सिलचा नोंदणी क्रमांक, आणि मग 'ऑडिट'. हे जमाखर्चाचे ऑडिट नव्हे. एखादी गोष्ट नियमाप्रमाणे होते की नाही हे वॉर्डात मोजायचे, उणीव दिसली तर पद्धत सुधारायची, आणि पुन्हा मोजायचे. तिने हात धुण्याचे ऑडिट केले होते. ही कल्पना शाळेत आणावी असे मला फार वाटले. पण हेडमास्तरांचा चेहरा डोळ्यांपुढे आला आणि मी गप्प बसलो.

पुढे येते ती कौशल्यांची यादी. तिथे प्रत्येक कामापुढे लिहायचे असते: नुसते पाहिले, मदत केली, वरिष्ठांच्या देखरेखीखाली केले, की एकट्याने केले. मणक्यात सुई घालून पाणी काढण्याचे काम तिने चार वेळा केले होते, चारही वेळा देखरेखीखाली.

"माझ्याबरोबरच्या काहींनी 'एकट्याने' असंच ठोकून दिलंय," ती म्हणाली.

"मग तू?"

"मग काय? एखाद्या रात्री तोच कागद वाचून मला एकटीला पाठवलं तर? पेशंट कुशीवर पडलेला असतो, सर. पाठ आपल्याकडे असते. मी काय लिहिलंय ते त्याला काय माहीत!"

कादंबरीकाराला खोटे बोलण्याची मुभा असते. त्या वाक्यानंतर मी माझी मुभा मुकाट्याने खिशात ठेवली.

खरी अडचण पुढेच होती. इंटर्नशिप संपल्यावर चौदा महिने या मुलीने कुठेही नोकरी केली नव्हती. अशा रिकाम्या जागेचे कारण विलायतेत विचारतात. तिने लिहिले होते, 'वैयक्तिक कारणास्तव'. कारण खाटेवर बसले होते. वडिलांना पक्षाघात झाला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. पहिले काही आठवडे नाकातल्या नळीने अन्न, आणि पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी कूस बदलायची, रात्रीसुद्धा. "वॉर्डात मी नातेवाइकांना 'दोन तासांनी कूस बदला' असं सांगून पुढच्या खाटेकडे जायची," ती म्हणाली. "ते सांगणं म्हणजे काय, ते इथं कळलं."

मला आनंदीबाई जोशी आठवल्या. 1883 साली, अठराव्या वर्षी, त्यांनी फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयाला प्रवेशासाठी पत्र लिहिले. दाखवावे असे दाखले त्यांच्यापाशी फारसे नव्हते. आप्तांचा आणि जातीचा विरोध पत्करून आपण आलो आहोत, आणि पुरुष डॉक्टरकडून उपचार घेण्यापेक्षा मरण पत्करणाऱ्या आपल्या देशातल्या बायकांसाठी आलो आहोत, असे त्यांनी सरळ लिहिले. दहा दिवसांचे मूल गमावलेल्या त्या मुलीने शिक्षणातल्या रिकाम्या जागा झाकल्या नाहीत. तिला प्रवेश मिळाला. 1886 मध्ये ती डॉक्टर झाली. पुढच्याच वर्षी ती गेली, हे आठवले की अजून चुटपुट लागते.

मी त्या चौदा महिन्यांवर अर्धे पान लिहिले. चांगले उतरले होते. निदान मला तरी तसे वाटले. तिने ते दोनदा वाचले, डोळे पुसले, आणि पेन्सिल घेऊन छाटायला लागली. "वाचणाऱ्यापुढे असे ढीगभर कागद असतात हो, सर." उरली ती एक ओळ: 'चौदा महिने: पक्षाघाताने आजारी असलेल्या वडिलांची घरी शुश्रूषा.' 'वैयक्तिक कारणास्तव' तिने स्वतःच खोडले.

ती ओळ तिने वडिलांना मोठ्याने वाचून दाखवली. त्यांनी डावा हात वर केला. ओठ बराच वेळ जुळत होते.

"पं... पंधरा," ते म्हणाले.

ती उठली, भिंतीवरच्या दिनदर्शिकेपाशी गेली, बोटांवर महिने मोजले, आणि परत येऊन आकडा दुरुस्त केला.