किती तास रे?

मराठी शिकवणाऱ्याने हिशेबाच्या वाटेला जाऊ नये म्हणतात. पण २०२३ च्या मे महिन्यात अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आईला घेऊन मी ताईकडे अमेरिकेला निघालो आणि मला हिशेब करावाच लागला. पंधरा दिवस आधीपासून आईचा एकच प्रश्न होता, "किती तास रे?"

सोळा म्हटले की ती गप्प बसे आणि संध्याकाळी पुन्हा विचारी. त्यामागे काय आहे ते मला ठाऊक होते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये बाबा गेले. पहाटे सहाला ताईला फोन केला, तेव्हा तिकडे आदल्या रात्रीचे साडेआठ वाजले होते. थेट विमानात जागा मिळाली नाही. वाटेत सात तास ताटकळून ती घरी पोचली तिसऱ्या दिवशी पहाटे. आई तिला काही बोलली नाही. मला मात्र एकदा म्हणाली, "विमानाने यायचं, तरी एवढा उशीर?"

तिला पटावे म्हणून मी मुलाचा पृथ्वीगोल काढला. भिंतीवरच्या नकाशावर मुंबईपासून न्यूयॉर्कपर्यंत दोरा ताणला, तर तो अरबस्तान, उत्तर आफ्रिका करीत अटलांटिक ओलांडतो. गोलावर तोच दोरा ताणा. तो आपणहून उत्तरेला सरकतो आणि आइसलँडजवळून, ग्रीनलंडच्या दक्षिण टोकापाशी खाली वळतो. हीच जवळची वाट, आणि तीही सुमारे साडेबारा हजार किलोमीटर! ताशी नऊशेचा वेग धरला तरी चौदा तास. त्यात दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून जोराचा वारा वाहतो. जाताना तो तोंडावर येतो, परतताना पाठीशी असतो. म्हणून जायला सोळा आणि यायला चौदाच्या आसपास.

"आमच्या बोटीसारखंच की! समुद्र खवळला की तीही लांबायची," आई म्हणाली. १९६६ मध्ये ती रत्नागिरीहून नवी नवरी म्हणून भाऊच्या धक्क्यावर उतरली होती. त्या काळी एअर-इंडियाचे विमानही लंडनला थांबून न्यूयॉर्कला जाई; मुंबईहून विनाथांबा उड्डाण सुरू झाले ते २००७ मध्ये.

रात्री दीडला आम्ही निघालो. डॉक्टरांनी बजावल्याप्रमाणे मी आईला अधूनमधून उठवून चालवीत होतो. जाता-येता ती पडद्यावरच्या त्या इवल्या विमानाकडे पाही. ते हलतच नसे. भूक लागली तेव्हा तिने मला दोन दशम्या दिल्या आणि डबा घट्ट लावून टाकला.

उत्तरेत पोचल्यावर खिडकीबाहेर पहाट झाली आणि तासन् तास पहाटच राहिली. तिकडे पृथ्वीचा घेर आखूड, त्यामुळे पश्चिमेला धावणारे विमान सूर्याला फारसे पुढे जाऊ देत नाही. मी हे समजावीत होतो. आईचे लक्ष नव्हते.

"त्या वेळी ती एकटीच होती ना रे?"

"हो."

"काही खाल्लं असेल का तिने?"

मला उत्तर सुचले नाही. नंतर तिने तास विचारले नाहीत.

तिकडच्या घड्याळाप्रमाणे त्याच दिवशी सकाळी आठला उतरलो. ताई दाराशी उभी होती. ती पाया पडायला वाकली, तोच आईने पिशवीतून डबा काढला.

"आधी खा," ती म्हणाली.