भेंडवळच्या घटातला पावसाळा

मुंबई-नागपूर रेल्वेमार्गावर नांदुरा स्टेशनला उतरून उत्तरेची वाट धरली, की सातपुड्याच्या दिशेने पसरलेले काळ्या मातीचे रान लागते. बुलढाणा जिल्ह्यातील जळगाव जामोद तालुक्याचा हा भाग. इथले भेंडवळ एरवी इतर गावांसारखेच. पण अक्षय्य तृतीयेला दूरदूरचे शेतकरी इथे लोटतात.

त्या सायंकाळी गावाबाहेरच्या शेतात घट मांडतात. गोल आखून कडेने गहू, ज्वारी, तूर, मूग, तीळ, जवस, सरकी अशी १८ प्रकारची धान्ये ठेवायची. मधल्या खड्ड्यात मातीची चार ढेकळे, म्हणजेच पावसाळ्याचे चार महिने. त्यांवर पाण्याने भरलेली घागर आणि घागरीवर पापड, पुरी, कुरडई, भजी, वडा असा चक्क घरगुती फराळ! मग रात्रभर तिकडे कोणी फिरकत नाही. वारा, मुंग्या, पाखरे यांनी काय करायचे ते करावे.

पहाटे वाघ घराण्यातील वंशज घट पाहून भाकीत सांगतात. चंद्रभान महाराज वाघ यांनी सुरू केलेली ही प्रथा तीनशे वर्षांहून जुनी, असे गावकरी मानतात. ज्या ढेकळाला ओल अधिक, त्या महिन्यात पाऊस अधिक. दाणे हलले की जागीच राहिले, यावरून त्या त्या पिकाचा अंदाज. पान-सुपारीवरून राजाचे भविष्यही निघते. वर्तमानपत्रे ते अधिक चवीने छापतात.

एका रात्रीच्या ओलीला भाद्रपदातले काय ठाऊक, हा अंधश्रद्धा निर्मूलनवाल्यांचा आक्षेप रास्तच आहे. आपले हवामान खाते १८७५ सालचे. १८८६ मध्ये ब्लॅनफर्ड यांनी हिमालयातील बर्फाच्या आधारे मोसमी पावसाचा अंदाज दिला. आता उपग्रह आहेत. पण हंगामाचा अंदाज देशाच्या सरासरीचा, टक्केवारीतला. शेतकऱ्याचा प्रश्न मात्र एवढाच असतो : मृगात बी टाकावे की थांबावे? पेरणी उलटली तर दुबार पेरणी, आणि तीही बहुधा उसनवारीच्या बियाण्याने.

म्हणून जाणता शेतकरी भाकीत ऐकतो, पण त्यावर बियाण्याची पिशवी फोडत नाही. कावळ्याने घरटे आंब्यावर बांधले की बाभळीवर, हेही तो पाहून ठेवतो. बाभळीवर असेल तर टंचाईचे लक्षण. आणि पहिला पाऊस पडून गेला, की बांधावर वाकून बोटांनी माती उकरतो. ओल वीतभर खाली उतरली असेल, तरच तिफण बाहेर निघते.