एसी बंद, सावली चालू!

बोरीवलीचा मे महिना म्हणजे काय, ते आम्हा बोरीवलीकरांना विचारा. पारा 33-34 डिग्रीच दाखवतो, पण दमटपणा असा की आंघोळ करून बाहेर पाऊल टाकलं की पुन्हा आंघोळ! त्यात सकाळची फास्ट लोकल. त्यामुळे दोन दिवसांसाठी कॅम्परव्हॅन भाड्याने मिळतेय म्हटल्यावर मी टुणकन उडीच मारली. राज्य सरकारने 2021 मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, तेव्हापासून हा किडा डोक्यात वळवळत होताच. आत बेड, छोटासा ओटा, टपावर एसी. बॉस, चाकांवरचा वन-आरके!

नवरा ड्रायव्हिंगला, मी नॅव्हिगेटर आणि मागे बाबा, वय वर्षं 71. घोडबंदर रोड, कसारा घाट, इगतपुरी, घोटी करत अकराच्या सुमाराला भंडारदरा. समोर विल्सन धरणाचं निळंशार पाणी. मी गाडी थेट काठावर लावायला सांगितली. दार उघडलं की तळं! फोटो तर भन्नाटच येणार होते.

‘‘अगं, त्या जांभळाखाली लावा गाडी,’’ बाबा म्हणाले.

‘‘बाबा, तिथून काहीच दिसत नाही. आणि एसी आहे ना!’’

बाबा गप्प बसले.

एसी चालला तास-सव्वातास, मग बंद. गणित साधं होतं, आधी कुणी केलं नव्हतं इतकंच. व्हॅनची बॅटरी 12 व्होल्ट, 200 अँपिअर-अवर, म्हणजे 2400 वॉट-अवर. एसी खातो दीड हजार वॉट. म्हणजे कागदावरसुद्धा जेमतेम दीड तास! इंजिन चालू ठेवून आत झोपावं, तर कार्बन मोनॉक्साइडची भीती. त्याला ना रंग, ना वास.

त्यात मेचा मध्य. या दिवसांत आपल्याकडे भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो, सावली पायाखाली गडप होते. म्हणजे सगळं ऊन थेट टपावर. पत्र्याचा डबा तापायला किती वेळ लागणार?

बाबा अजून गप्पच होते. मला वाटलं, रुसलेत. मीही हट्टाने तिकडे पाहिलं नाही. नवऱ्याने पाणी पुढे केलं, तेव्हा बाबा पुटपुटले, ‘‘जरा गरगरतंय.’’ हात लावला तर अंग घामाने चिंब आणि गार. माझ्या पोटात गोळाच आला.

पुढची दहा मिनिटं कुणी काही बोललं नाही. गाडी जांभळाखाली आणली, बाबांना आडवं केलं, पाय उशीवर. ओला पंचा मानेवर आणि काखेत, ओआरएसचे घोट थोडे थोडे. ते असंबद्ध बोलायला लागले असते किंवा शुद्ध हरपली असती, तर तो उष्माघात, तिथून थेट हॉस्पिटल. सुदैवाने वीसेक मिनिटांत त्यांनी डोळे उघडले आणि काय म्हणावं? ‘‘तळं छान आहे हं तुझं.’’ मला रडावं की हसावं कळेना.

मग बाबांनी सूत्रं हाती घेतली. उन्हाच्या बाजूचे पडदे बंद. समोरासमोरच्या खिडक्या उघड्या, म्हणजे वारा आरपार. वाऱ्याच्या बाजूला ओली चादर. घाटावरची हवा कोरडी, त्यामुळे चादरीतलं पाणी पटापट वाफ होतं आणि आत येणाऱ्या हवेची उष्णता शोषून घेतं. गॅसची शेगडी बाहेर, झाडाखाली. बॅटरीत उरलेल्या विजेवर एक छोटा पंखा मात्र आरामात चालला. एसीच्या तुलनेत तो खातोच किती!

ऊन कलल्यावर बाबा स्वतःच म्हणाले, ‘‘आता लावा गाडी तळ्यासमोर. वळवाचे दिवस आहेत, वारं सुटलं की फांद्या पडतात. रात्री झाडाखाली झोपायचं नाही.’’ म्हणजे सावली दिवसा, तळं रात्री. माझा सगळा हट्ट फक्त काही तास आधीचा होता! त्या रात्री चादर अंगावर ओढावी लागली.

घरी परतल्यावर दुसऱ्या दिवशी पाहते तर बाबांनी हॉलच्या खिडकीत ओली चादर टांगलेली.

‘‘बाबा, इथे नाही चालणार. हवेतच एवढं पाणी आहे, चादर वाळणार कशी? एसी लावते.’’

बाबा क्षणभर गप्प झाले. या वेळी मी लगेच विचारलं, ‘‘काय झालं? बरं वाटतंय ना?’’

‘‘हो गं,’’ ते म्हणाले. ‘‘लाव एसी. पण 26 वर!’’