खोकल्याच्या रिकाम्या बाटल्या

भिवंडीतल्या माझ्या दवाखान्यात यंत्रमागावर रात्रपाळी करणारा एक तरुण दोनदा आला. नाक गळतंय, अंग दुखतंय, जुलाब होतायत. दोन्ही वेळा मी व्हायरल समजून औषध दिलं.

तिसऱ्यांदा त्याची आई त्याला घेऊन आली. पिशवीत खोकल्याच्या औषधाच्या रिकाम्या बाटल्या होत्या. त्यात कोडीन होतं, म्हणजे अफूच्या कुळातलं औषध. ते रोज घेऊन अचानक थांबवलं की अशीच लक्षणं दिसतात. चूक माझी होती. मी विचारलंच नव्हतं.

आईने हळूच विचारलं, "डॉक्टरसाहेब, पोलीस नेतील का हो त्याला?"

तिची भीती उगाच नव्हती. ऑगस्ट २०२४ मध्ये गुजरात एटीएसने भिवंडीतल्या एका फ्लॅटमधून सुमारे ८०० कोटींचं द्रवरूप एमडी पकडलं होतं. पण एनडीपीएस कायद्यातच कलम ६४अ आहे. गुन्हा फक्त सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा असेल आणि व्यसनी माणूस स्वतःहून सरकारमान्य केंद्रात उपचार घेत असेल, तर त्याला खटल्यापासून संरक्षण मिळू शकतं. उपचार अर्धवट सोडले, तर ते जाऊही शकतं. धाडीने माल पकडला जातो. शरीराची सवय उपचारानेच सुटते.

मी दोघांसमोर १४४४६ हा मोफत राष्ट्रीय क्रमांक लावला. मुलगा उपचार घेतोय. मध्ये एकदा घसरला, पण परत आला.

घरात असं कोणी असेल तर ओरडू नका, कोंडून ठेवू नका. आमच्याकडे आणा. आणि आम्ही विचारलं नाही, तर तुम्ही सांगा.